प्रोजेक्टातलं चौथं प्रकरण

सात वर्षं मी एकच वाक्य सांगत आलोय, की माझा प्रोजेक्ट कॉलेजातून बाहेर गेला. बायकोला सांगितलं, मैंदर्गीच्या थोरल्या भावाला सांगितलं, ऑफिसात चहा पिताना दोघा-तिघांना सांगितलं. कुणी खोदून विचारलं नाही, म्हणून वाक्य टिकलं. ते खोटं आहे. प्रोजेक्ट मी पाठवला. माझ्या मेलवरून, भर दुपारी, पूर्ण शुद्धीत, आणि खाली माझा मोबाइल नंबर टाकून.

त्यातून चौदा घरांचं काम गेलं आणि एका बाईवर चोरीचा आळ आला. आळ घेणारा कागदही मीच लिहिला. हे आधीच सांगून टाकतो, कारण मी हळूहळू मुद्द्यावर येणारा माणूस आहे, आणि हळूहळू येता येता दर वेळी मुद्दा चुकवून घरी गेलोय.

सोलापुरात अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत एका टॉवेल कारखान्यात मी एक्स्पोर्टचे कागद करतो. इन्व्हॉइस, पॅकिंग लिस्ट, शिपिंग बिल. माल ट्रकने बंदरावर जातो, तिथून जहाजावर चढतो. मी कुठंच जात नाही, माझे कागद जातात. बी.कॉम. झाल्यापासून हेच. माझ्या एकेचाळिसाव्या वर्षी कारखान्यात एक्स्पोर्ट मॅनेजर म्हणून माझ्याहून सोळा वर्षांनी लहान माणूस आला. शिपिंग बिल आणि बिल ऑफ लेडिंग यांतला फरक त्याला मी शिकवला. महिन्याभरात तो मला ‘फॉलोअप घ्या’ म्हणायला लागला. त्याच्याकडं इंटरनॅशनल बिझनेसची पदव्युत्तर पदवी होती, माझ्याकडं नव्हती. म्हणून मी नाव घातलं. ज्ञानाची तहान वगैरे काही नव्हतं. जळफळाट होता.

शनिवारी दुपारी आणि रविवारी सकाळी वर्ग. वर्गात सगळी बावीस-तेवीसची पोरं-पोरी. पहिल्याच दिवशी मला काका करून टाकलं. “काका, पुढं बसा की, तुमच्यामागं आम्हाला झोपता येतं.” मला त्यांचा राग नव्हता. राग शिकवणाऱ्यांचा होता, आणि तो अजून गेलेला नाही. आम्हाला एक्स्पोर्ट डॉक्युमेंटेशन शिकवणाऱ्या सरांनी उभ्या आयुष्यात कंटेनर आतून बघितलेला नव्हता. पडद्यावर एक चित्र यायचं: निळा समुद्र, जहाज, वर बाण. सर बाणाकडं बोट दाखवून पुस्तकातलं वाचायचे. परीक्षेत मी जसं रोज करतो तसं लिहिलं, आणि वर्गात सगळ्यात कमी मार्क मला पडले. पेपर बघायला गेलो तर सर म्हणाले, “तुम्ही प्रॅक्टिकल लिहिलंय. आपल्याला स्टेप्स पाहिजेत.” बाहेर आल्यावर पोरं म्हणाली, “काका, पुस्तक वाचायचं सोडून कारखाना कशाला बघत बसलात?” तेव्हा मीही हसलो. त्यातली चीड आत साठत गेली हे मला कळलं नाही.

चौथ्या सेमिस्टरला प्रोजेक्ट. कॉलेजसमोरच्या झेरॉक्सच्या दुकानात मागच्या मुलांचे प्रोजेक्ट ढिगाने ठेवलेले असतात. वरचं नाव बदलायचं, कंपनीचं नाव बदलायचं, काळी बाइंडिंग, सोनेरी अक्षरं, झालं. द्राक्षांच्या निर्यातीवरचा एकच प्रोजेक्ट माझ्या डोळ्यांदेखत तिघांनी दिला, आणि एकाच्या पान बारावर नाव बदलायचं राहून गेलं होतं, तरी कुणाला दिसलं नाही. डॉक्युमेंटेशनच्या त्या सरांना हे माहीत होतं. ते माझे गाइड होते. मला बाजूला घेऊन म्हणाले, “तुम्ही तरी काहीतरी खरं करा हो. तुमच्याकडं प्रायमरी डेटा नुसता पडून आहे.”

एवढ्या एका वाक्यावर मी फुगलो. दोन वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी म्हणालं होतं, की मला काही माहीत आहे.

माझ्याकडं जे पडून होतं ते असं. टॉवेल विणून, रंगवून, कापून झाला की त्याच्या कडा दुमडून शिवाव्या लागतात. कारखान्यात त्याची मशीनं आहेत, पण मोठी ऑर्डर आली की ती पुरत नाहीत. मग गठ्ठे टेम्पोत घालून पूर्व भागातल्या एका गल्लीत जायचे. चौदा घरं, घरटी एक मशीन, एक बाई. सगळी विणकरांची तेलुगू घरं. परदेशी गिऱ्हाइकाला हे चालत नाही. माल घरी शिवायला द्यायचा नाही असं त्याच्या अटींत असतं. घरात कोण शिवतं, किती वेळ शिवतं, लेकरं शिवतात का हे कळत नाही, असं कारण देतात. कारण खोटं नाही. पण तेच गिऱ्हाईक माल ठरल्याच्या वीस दिवस आधी मागतं, तेव्हा तो कोण शिवणार हे विचारत नाही. मग आम्ही काय करायचो? गिऱ्हाइकाची तपासणी, म्हणजे ऑडिट, असलं की त्या चौदा जणींना टेम्पोतून कारखान्यात आणायचो, गळ्यात ओळखपत्रं घालायचो आणि मशीनवर बसवायचो. ओळखपत्रं मी छापायचो. उत्तरंही मीच पाठ करून घ्यायचो. आठ तास काम, रविवारी सुट्टी, पाणी मिळतं, आग लागली तर ह्या दारानं बाहेर.

एका ऑडिटच्या वेळी तपासायला आलेल्या साहेबानं नेमकं एका पन्नाशीच्या बाईला गाठलं आणि हिंदीत विचारलं, “संडे को छुट्टी रहती है?”

ती म्हणाली, “व्हय, असती की. मग घरी शिवते.”

साहेबाला मराठी कळत नव्हतं. त्यानं माझ्याकडं बघितलं. मी इंग्रजीत सांगितलं, की रविवारी ही घरची थोडी शिवणटिपण करते. तो हसला आणि लिहून घेतलं. जाताना टेम्पोत चढता चढता ती मला म्हणाली, “सायब, बराबर सांगितलं न्हवं मी?”

ती अक्का. गल्लीत सगळे तिला अक्काच म्हणायचे, मीही म्हणायला लागलो. नवरा वारलेला, मुलगी लग्न होऊन लांब गेलेली, घरात ती आणि मशीन. प्रोजेक्टासाठी मी तिच्याकडं दर रविवारी वर्ग सुटल्यावर जायला लागलो. समोरच्याच दारात तिची मैत्रीण बसायची. दोघी एकाच साली लग्न होऊन गल्लीत आलेल्या. एकीनं कडा दुमडायच्या, दुसरीनं शिवायच्या, आणि मशीनच्या आवाजावरून एकमेकींशी तेलुगूत ओरडून बोलायचं, असं त्यांचं तीस वर्षं चाललेलं. मी लिहीत बसलो की समोरची विचारायची, “काय लिवालाव हो एवढं? दुमडायचं आन् शिवायचं, झालं की.”

“कॉलेजचं आहे.”

“ह्या वयात? बायकूनं हाकललं काय घरातनं?”

अक्का माझ्या बाजूनं बोलायची. तिनं मला टॉवेल हातात देऊन कोपरा कसा आत घ्यायचा ते शिकवलं. तीन रविवार मला जमलं नाही. चौथ्या रविवारी जमलं तर तिनं तो टॉवेल समोरचीला दाखवला. तोवर ती मला सायब म्हणायची सोडून अण्णा म्हणायला लागली होती. माझ्या घरी सख्खी बहीण नाही. ह्याचा मी फार बाऊ करत नाही, पण तिच्या दारात चपला काढताना मला बरं वाटायचं हे खरं आहे.

तिनं एकच गोष्ट मागितली. “अण्णा, माझं नाव घालू नका बरं. कारखान्यात कळलं तर गठ्ठा बंद हुईल.”

मी म्हणालो, “नाही घालत. उलट हे वाचून तुमचं काम लोकांना कळेल, अक्का.”

“लोकांना कळून काय करायचंय? गठ्ठा आला म्हंजे झालं.”

नाव मी घातलं नाही. शब्द पाळला असं मी स्वतःला कितीतरी वर्षं सांगत होतो. पण चौथ्या प्रकरणाच्या सुरुवातीला मी एक फोटो घातला. अक्काचे हात, मशीनची सुई, आणि सुईखाली टॉवेल. टॉवेलावर गिऱ्हाइकाचं लेबल, लेबलाखाली लॉट नंबर. स्वच्छ वाचता येत होता. हा योगायोग नव्हता. दोन फोटो आधी काढले होते, त्यात लेबल दुमडलेलं होतं. ते मी सरळ करून तिसरा काढला, कारण लेबलाशिवाय तो कुणाच्याही घरातला कसलाही टॉवेल दिसत होता.

सरांना दाखवला. ते खुर्चीत सरळ होऊन बसले. “वा! हा पुरावा आहे. हा ठेवाच.”

मी म्हणालो, “सर, लॉट नंबर दिसतोय.”

“मग काय झालं? कोण वाचतंय प्रोजेक्ट?”

दुसरा कुणी असता तर त्याला माफ करता आलं असतं. सरांना लॉट नंबर म्हणजे काय ते माहीत नव्हतं. मला होतं. मी तो नंबर रोज पॅकिंग लिस्टवर टाइप करतो. त्या नंबरावरून मालाचा गठ्ठा कुठं कुठं फिरला हे पाच मिनिटांत सापडतं, तेवढ्यासाठीच तो असतो. वर्गात ‘ट्रेसेबिलिटी’ शिकवली तेव्हा कंटाळलेला मी एकटा होतो, कारण मला ती येत होती. आणि तरी फोटो ठेवला. त्या दिवशी मला अक्कापेक्षा सरांचं ‘वा’ मोठं वाटलं. इतकं साधं आहे. त्याला दुसरं कारण शोधायचा मी पुष्कळ प्रयत्न केला.

तोंडी परीक्षेला बाहेरगावचे परीक्षक आले होते. बाकीच्यांना दोन-दोन मिनिटांत उठवलं, माझ्यापाशी अर्धा तास थांबले. चौथं प्रकरण उलटसुलट वाचलं. शेवटी त्यांचं कार्ड दिलं आणि म्हणाले, “ह्याची पीडीएफ मला पाठवाल? फार उपयोगी आहे.” कार्डावर छापलेलं होतं, की ते परदेशी खरेदीदारांना इथल्या कारखान्यांबद्दल सल्ला देतात. मी ते वाचलं. दोनदा वाचलं. मला दिसलं ते एवढंच, की ह्या माणसाच्या ऑफिसात माझ्यासारख्याला जागा असू शकते. दुसऱ्या दिवशी दुपारी पीडीएफ पाठवली. ‘योग्य संधी असल्यास कळवावे’ असं अदबीनं लिहिलं. उत्तर आलं नाही.

दोन महिन्यांनी मेल आली ती मालकांना, गिऱ्हाइकाकडून. प्रोजेक्टाचं नाव नाही, माझं नाव नाही. फक्त तो फोटो आणि खाली तीन ओळी: हा माल घरात शिवला जातोय, खुलासा करा, नाहीतर पुढच्या ऑर्डरी थांबतील.

मालकांनी केबिनमध्ये बोलावलं तेव्हा सुपरवायझरनं रजिस्टर काढूनही झालं होतं. त्या लॉटचा गठ्ठा अक्काच्या घरी गेला होता. मालक म्हणाले, “फोटो कुणी काढला?”

मी रजिस्टरातल्या त्या नंबराकडं बघत राहिलो.

सुपरवायझर म्हणाला, “गल्लीतल्याच कुणीतरी, मालक. समोरासमोर बसत्यात, जळत्यात एकमेकींवर.”

मग मालक माझ्याकडं वळले. “अहो, तुम्ही आता शिकलात ना ते इंटरनॅशनल? झकास उत्तर लिहा. आपल्या अंगावर काही येता कामा नये.”

आणि मी लिहिलं. दुसऱ्या सेमिस्टरला ह्याचा नमुना शिकवला होता: मूळ कारण, सुधारणा, पुन्हा घडू नये म्हणून उपाय. मूळ कारण म्हणून मी लिहिलं, की एका हंगामी कामगार बाईनं परवानगीशिवाय माल कारखान्याबाहेर नेला. सुधारणा म्हणून लिहिलं, की तिला कामावरून कमी केलं आहे. इंग्रजीत हे वाचताना चोरी असा शब्द कुठं येत नाही. फार स्वच्छ दिसतं. मालकांनी वाचलं, माझ्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाले, “डिग्री कामाला आली बघा.”

गिऱ्हाईक खूश झालं. सुपरवायझर टेम्पो घेऊन गेला आणि चौदा घरांतले गठ्ठे उचलून आला. त्याला इंग्रजी येत नसलं तरी माझ्या पत्राचा अर्थ त्यानं बरोबर काढला. भर गल्लीत सगळ्या जणींसमोर सांगितलं, की अक्कानं माल चोरून नेला, तसं ऑफिसातनं लिहून गेलंय, म्हणून आता सगळ्यांचंच बंद.

दुसऱ्या दिवशी अक्का कारखान्याच्या गेटवर आली. माझ्या टेबलावरून गेट दिसतं. वॉचमननं आत फोन केला. “साहेब, एक बाई आलीय. अण्णाला बोलवा म्हणतीय.”

मी म्हणालो, “मीटिंगमध्ये आहेत म्हणून सांग.”

ती बराच वेळ उभी होती. उन्हात पदर डोक्यावर घेऊन. मी पाठ करून बसलो आणि कुठल्यातरी पॅकिंग लिस्टवर वजनं टाकत राहिलो. त्यानंतर मला पहिला वर्ग मिळाला, विशेष प्रावीण्यासह. तो सोळा वर्षांनी लहान मॅनेजर दुसरीकडं गेला आणि त्याच्या खुर्चीत मी बसलो. अजून बसतोय.

हे असंच चाललं असतं. मी सुधारलो म्हणून काही घडलं नाही. घडलं ते असं, की यंदा कॉलेजनं मला जुना विद्यार्थी म्हणून बोलावलं. तेच सर, आता विभागप्रमुख. नवीन मुलांना म्हणाले, “प्रोजेक्ट कसा असावा ते बघा,” आणि पडद्यावर माझं चौथं प्रकरण लावलं. तो फोटो भिंतभर झाला. अक्काच्या अंगठ्यावरचा सुईचा व्रणसुद्धा दिसत होता. मागच्या बाकावरच्या एका मुलीनं हात वर केला. “सर, ह्या बाईंचं पुढं काय झालं?”

मी तोंड उघडायच्या आत सर म्हणाले, “तो अभ्यासाच्या व्याप्तीबाहेरचा भाग आहे.”

मुलीनं ते वहीत लिहून घेतलं. लिहून घेतलं! मला त्या मुलीची वही फाडावीशी वाटली. मी उठलो आणि ओरडलो. वर्गात, माइक हातात असताना. “काय झालं ते मला विचारा. चोर ठरवलं तिला. मी ठरवलं. बंद करा तो फोटो!” सर म्हणाले, “अहो, बसा, पाणी घ्या.” नंतर मी काय काय बोललो ते मला नीट आठवत नाही. माइक टेबलावर आपटला तेव्हा कर्णकर्कश शिट्टी वाजली आणि सगळ्यांनी कानावर हात ठेवले, ते आठवतं. जिन्यावर सर मागून आले आणि खालच्या आवाजात म्हणाले, “असं काही होतं तर तेव्हाच गाइडला सांगायचं असतं.” मी त्यांची कॉलर धरली नाही. धरायला पाहिजे होती का, हे मला अजून ठरवता येत नाही, कारण तोंडी परीक्षेनंतर पीडीएफ पाठवणारे ते नव्हते.

तिथून तसाच पूर्व भागात गेलो. अक्का दारात बसून विड्या वळत होती. मशीन दिसलं नाही. ती म्हातारी झाली होती. मला ओळखलं. “अण्णा? या की. बसा.”

मी उभ्या उभ्या सगळं सांगितलं. फोटो मी काढलेला तुम्हाला माहीतच आहे, पण तो बाहेर मी पाठवला. चोरीचा कागद मी लिहिला. गेटवर आला होतात तेव्हा मी आत होतो.

तिच्या हातातलं पान तसंच राहिलं. ती माझ्याकडं नाही, समोरच्या दाराकडं बघत होती. मग म्हणाली, “म्हंजे तिनं न्हाय?”

“कुणी?”

“हिनं. समोरचीनं. मला वाटलं, तुमी काढलेलं बघून हिनंबी काढला आन् दिला कारखान्यात. सुपरवायझर तसंच म्हणला.” तिचा आवाज वर चढला. “सात वर्सं बोलले न्हाय मी तिच्याशी! तिचा नवरा गेला तवा दार लावून आत बसले, सायब. गल्ली सगळी तिच्या दारात, आन् मी आत. तुमाला कळतंय काय?”

सायब. चौदा घरांचं काम, एक आळ, एवढाच हिशेब मी सात वर्षं धरला होता. हे त्यात कुठंच नव्हतं.

“चला,” ती उठली. “तिच्या तोंडावर सांगा.”

गल्ली ओलांडायला चार पावलं. समोरची टीव्ही बघत होती. अक्का दारात आलेली बघून ती उठलीच नाही, नुसती बघत राहिली. मी पुन्हा पहिल्यापासून सगळं सांगितलं. तिची सून स्वयंपाकघरातून हात पुसत बाहेर आली आणि भिंतीला टेकून ऐकत राहिली. माझं संपल्यावर समोरची मला काही बोललीच नाही. ती अक्काला बोलली, तेलुगूत. अक्कानं उलट उत्तर दिलं. मग दोघी एकदमच सुरू झाल्या. मला कानडी येतं, तेलुगू येत नाही. रडणं आहे की शिव्या आहेत हेही कळेना. मध्येच समोरचीनं स्वतःच्या छातीवर हात मारून नवऱ्याच्या फोटोकडं बोट केलं, आणि अक्का खाली बसली. मला कुणी बस म्हणालं नाही, जा म्हणालं नाही.

शेवटी सून माझ्याजवळ आली. बारावीपर्यंत शिकलेली, मराठी स्वच्छ. “तुम्ही जसं तेव्हा लिहिलं तसं आता उलट लिहून द्या. त्या परदेशवाल्यांना, मालकांना, सगळ्यांना.”

मी तिथंच मोबाइलवर लिहायला बसलो. सात वर्षांपूर्वीच्या पत्राचा संदर्भ, मग मजकूर. तिनं हातातून मोबाइल घेतला आणि वाचला. “हे काय? संवादातील त्रुटीमुळे चुकीची माहिती गेली?”

“तसं लिहायची पद्धत असते.”

“त्रुटी कसली? तुम्ही खोटं लिहिलं ना? मग खोटं लिहिलं असं लिहा की.”

मी लिहिलं. मी खोटं लिहिलं. फोटो मी काढला, मी पाठवला. त्या बाईंनी काहीही चोरलेलं नाही, माल कारखान्यानंच त्यांच्या घरी दिला होता. तिनं पुन्हा वाचलं, दोघींना तेलुगूत सांगितलं, आणि मग मला पाठवू दिलं.

गिऱ्हाइकाकडची मेल मिनिटभरात परत आली. तो पत्ताच आता नव्हता. दुसऱ्या दिवशी त्यांच्या वेबसाइटवरून पाठवलं, त्यावर आपोआप उत्तर आलं, की आपला अभिप्राय आम्हाला मोलाचा वाटतो. दोन वर्षं मला जग किती जवळ आलंय ते शिकवलं, आणि चौदा बायकांचं काम काढून घेणाऱ्या टेबलापर्यंत एक माफी पोचवायची तर त्याला दार नाही. मालकांना कागद हातात दिला. मला वाटलं काढून टाकतील. तशी मी तयारी केली होती, बायकोलाही सांगून ठेवलं होतं. मालकांनी वाचला आणि हसले. “सात वर्षांनी? कोण विचारतंय आता? जा, शुक्रवारचा कंटेनर बघा.” मला वाटतं, आयुष्यात कधी कुणाचा इतका राग आला नाही. आणि मी गेलो, आणि शुक्रवारचा कंटेनर बघितला.

अक्काला जाऊन सांगितलं, की पोचलं नाही. ती म्हणाली, “तिकडचं राहू द्या. मला गल्लीनं चोर म्हणलं. चौदा घरं हायती. दोघी सोडून बारा. कागद छापा, आन् एकेकीला तुमच्या तोंडानं वाचून दाखवा. मी येनार न्हाय संगं.”

मराठीत बारा प्रती काढल्या. रविवारी निघालो. पहिल्या घरात वाचून दाखवलं, तिथली बाई म्हणाली, “बरं,” आणि दार लावलं. दुसऱ्या घरात सासूनं मधेच थांबवलं: “म्हंजे आमचं काम तुमच्या परीक्षेपायी गेलं?” हो म्हणालो. “पास तरी झालाव का?” हो म्हणालो. तिसऱ्या घरातलीनं कागद वाचून घेतला आणि माझ्या देखत अक्काच्या दाराकडं चालत गेली. पुढं काय बोलल्या ते माहीत नाही. मी चौथ्या घराकडं वळलो होतो.

एक वाजेपर्यंत नऊ घरं झाली, पुढच्या रविवारी दोन. राहिलेल्या घराला कुलूप आहे. तिथली बाई काम बंद झालं त्याच वर्षी मुलाकडं भिवंडीला गेली, असं शेजारी सांगतात. भिवंडीत कुठं, ते कुणाला माहीत नाही. अक्काला विचारलं तर ती म्हणाली, “ती जाताना रस्त्यात थुंकली हुती माझ्या दाराफुडं. तिला सापडवा.”

मी शोधतोय. मुलाचं नाव मिळालंय, तो पॉवरलूमवर कामाला आहे एवढं कळलंय. कागद माझ्याकडं आहे.